कळलं नाही? परत ऐका!

तीस सेकंदांच्या रील्सच्या जमान्यात दीड-दोन तास नीट बसून ऐकावं लागणारं संगीत कोण ऐकतं? आणि एकदा ऐकलेलं पन्नास-पन्नास वर्षं का सोडत नाही? एका कॅसेटच्या निमित्ताने घेतलेला हा शोध.

२२ जुलै २०२१. चिपळूणमधल्या कुणालाही ही तारीख नुसती सांगून बघा. पुढचं तो स्वतःच सांगायला लागेल. पाणी किती वाजता शिरलं, कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुठल्या पायरीवर थांबलं. आमच्याकडे ते खिडकीच्या वर गेलं. आम्ही सगळे शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर होतो, म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तर सगळीकडे गुडघ्याएवढा चिखल.

मग सुरू झाली साफसफाई. बाबांनी अंगणात दोन ढीग केले होते. एक 'धुऊन बघू' आणि दुसरा 'टाकून द्या'. गाद्या, मिक्सर, माझ्या बारावीच्या वह्या, सगळं भराभर दुसऱ्या ढिगात जात होतं. त्यात एक पत्र्याचा डबाही गेला. आबांच्या कॅसेट्सचा. थोड्या वेळाने बघते तर तो डबा पहिल्या ढिगात! आबांनी कुणाला न सांगता उचलून ठेवला होता. बाबांनी परत तिकडे टाकला. आबांनी परत इकडे आणला. असं दोन-तीनदा झाल्यावर बाबांनी नाद सोडला.

त्यातली एक कॅसेट आबांनी साध्या पाण्यात धुतली, जुन्या पेपरवर वाळत घातली आणि पेन्सिल घालून हळूहळू फिरवून बघितली. टेप चिकटली होती, ती वाजणार नव्हती. ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं, आबांनासुद्धा. घरात लाइट नव्हते. संध्याकाळी मेणबत्ती लावून बसलो होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेवढ्यात आबा गुणगुणायला लागले. मध्येच थांबले आणि म्हणाले, "इथे मागचा माणूस खोकतो." आणि ते चक्क खोकले! अगदी कॅसेटमधल्या माणसासारखे. पुढे म्हणाले, "आता इथे कुणीतरी वाहवा म्हणतो. जरा लवकरच म्हणतो, जागा अजून यायच्येय." आम्ही हसायला लागलो. त्या आठवड्यात घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

ती कॅसेट होती 'कट्यार काळजात घुसली'ची. दुकानातून विकत घेतलेली नव्हे. कुणीतरी प्रयोगाला समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, तिच्यावरून मुंबईच्या मित्राने भरलेली, आणि तिच्यावरून आबांनी भरून घेतलेली. खरखर, खोकला, वाहवा सगळ्यासकट. आबांना ती पाठ होती, खोकल्यासकट.

खरं सांगते, तेव्हा मला हे सगळं क्यूट वाटलं होतं, बस. आजोबा लोकांचं असतंच असं काहीतरी. त्या गाण्यात एवढं काय आहे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो पडायला चार वर्षं आणि एक ब्रिटिश रॉक बँड लागला.

नाटक, गाणं आणि वैर

आधी 'कट्यार'ची ओळख, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती फक्त सिनेमा म्हणून माहीत असणार. नाटक आलं ते डिसेंबर १९६७ मध्ये. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ची, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली होती. पंचविशीत लाइफ सेट झाली नाही म्हणून टेन्शन घेणाऱ्या सगळ्यांनी हा आकडा लिहून ठेवायला हरकत नाही.

गोष्ट तशी सरळ आहे. एका संस्थानात दरबारी गवई ठरवायला स्पर्धा होते. पंडित भानुशंकर जिंकत असतात, खाँसाहेब आफताब हुसेन हरत असतात. एकदा हे उलटं होतं. पंडितजी घर सोडून निघून जातात, हवेली आणि मानाची कट्यार खाँसाहेबांकडे येते. पंडितजींकडे शिकायच्या ओढीने आलेला सदाशिव मग खाँसाहेबांच्याच घरात नोकर म्हणून राहतो आणि त्यांचं गाणं चोरून ऐकत शिकतो. ज्या माणसाचा राग करायचा, त्याच्याच गाण्याच्या प्रेमात पडतो. म्हणजे बघा, हे नाटक गाण्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त ते ऐकण्याबद्दल आहे.

आता यातली अवघड बाजू. दोन गवई दोन वेगळ्या घराण्यांचे आहेत. घराणं म्हणजे गाण्याची पद्धत. आवाज कसा लावायचा, ताना कशा घ्यायच्या, शब्द किती सांभाळायचे, याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शिस्त. नाटकात हा फरक नुसता बोलून चालत नाही, प्रेक्षकांना तो ऐकू यावा लागतो. अभिषेकीबुवांनी काय केलं, तर एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधलं. शब्द तेच, पण गाणं वेगळं. स्वभावही वेगळा. भांडण कशावरून आहे ते तुम्हाला तिथे ऐकून कळतं. पण कळतं केव्हा? नीट ऐकलंत तर. एकदा ऐकून दोन्ही गाणी 'क्लासिकल टाइप' वाटतात. चार वेळा ऐकल्यावर पहिल्याच आलापात कोण गातंय ते ओळखता येतं. मला नववी-दहावी वेळ लागली, ते सोडा.

२०१० मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं. आजोबा गेले तेव्हा ते लहान होते. समोर बसून तालीम घेण्याचं त्यांचं वयच नव्हतं, पण रेकॉर्डिंग्ज होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुबोध भावेंचा सिनेमा आला. त्यात अभिषेकीबुवांची जुनी पदं होती आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही. त्यातल्या गाण्यासाठी अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तेव्हा सातवीत होते. त्या वर्षी आमच्या गॅदरिंगला जो तो सिनेमातलीच गाणी म्हणत होता, ज्यांना 'सा' लागत नव्हता तेसुद्धा! सिनेमा बघून घरी आल्यावर आबांना विचारलं होतं, "आवडला?" म्हणाले, "चांगलाय. पण खोकला नाही त्यात."

आणि मग आला 'येस'

आता थोडं लांब जाऊ या. गेल्या वर्षी माझ्या एका मित्राने मला एक अल्बम पाठवला. अकरावी-बारावी आम्ही एकाच बाकावरून बंक मारले, आता तो पुण्यात इंजिनिअरिंग करतो आणि दिवसभर 'प्रोग' ऐकतो. प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या काही रॉक बँड्सना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. त्यांनी गाणी दहा-वीस मिनिटांपर्यंत लांबवली, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझमधून कल्पना उचलल्या, मध्येच ताल बदलायला सुरुवात केली. पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्सन, जेनेसिस, जेथ्रो टल आणि येस ही त्यातली मोठी नावं.

मित्राने पाठवला तो 'येस'चा १९७३ चा अल्बम, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन एलपी, चार बाजू आणि गाणी किती? चार! एका बाजूला एक. प्रत्येक गाणं १८ ते २२ मिनिटांचं, सगळं मिळून ८० मिनिटांच्या वर. मी त्याला लगेच मेसेज केला, "हे गाणं आहे की लेक्चर?" त्याचं उत्तर, "आधी ते कशावर आहे ते वाच."

वाचलं आणि उडालेच. 'येस'चा गायक जॉन अँडरसन १९७३ मध्ये टूरवर असताना परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. तेच, ज्याचा मराठी अनुवाद 'योगी कथामृत' नावाने तुमच्याही घरात कदाचित असेल. पुस्तक त्याला सुचवलं होतं किंग क्रिम्सनमध्ये वाजवणाऱ्या जेमी म्युरने, एका लग्नाच्या पार्टीत. त्यात एका पानाखाली तळटीप आहे. आपल्या शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. झालं! अँडरसनला चार गाण्यांचा आराखडा मिळाला. तो आणि गिटारिस्ट स्टीव्ह हाऊ दोघांनी मिळून त्या एका तळटिपेवर दोन एलपींचा डोलारा उभा केला. आपण परीक्षेत तळटिपा ऑप्शनला टाकतो, इथे माणसाने त्यावर अख्खा अल्बम काढला.

आणि गंमत बघा, पहिल्या बाजूची कल्पना 'श्रुती'. म्हणजे ऐकलेलं. दुसरीची 'स्मृती'. म्हणजे लक्षात राहिलेलं. आबांची वाजत नसलेली कॅसेट आणि मेणबत्तीच्या उजेडात गायलेलं गाणं मला इथे आठवलं. तो अल्बम मी बंद करणार होते, तो मग बंद केला नाही.

नावडतीचा अल्बम

हा अल्बम निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला. पण समीक्षकांनी त्याला धू-धू धुतलं. फार लांब, फार पसरट, फार शहाणपणा, असं बरंच काही. पुढे प्रोग रॉकमधल्या सगळ्या अतिरेकाचं उदाहरण म्हणून याच अल्बमकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. बाहेरच्यांचं जाऊ द्या, बँडचा कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन यालाच तो आवडत नव्हता! त्याने स्वतः सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला वाजवायला फारसं काही नव्हतं. शो संपल्यावर काय खाणार असं त्याच्या माणसाने विचारलं, याने करी सांगितली. त्या माणसाने ती शो चालू असतानाच स्टेजवर आणून दिली. मग काय, वेकमनसाहेबांनी शास्त्रांवरचं संगीत चालू असताना कीबोर्डच्या आडोशाला चिकन विंदालू हाणलं. १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला. (दोन वर्षांनी परत आला, हेही सांगायला हवं.)

आता विचार करा. समीक्षकांना नको, घरच्या माणसाला नको, ऐकायला जड. असा अल्बम खरं तर दोन-तीन वर्षांत भंगारात जायला हवा होता. पण चाहत्यांनी तो जाऊ दिला नाही. २०१६ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी, स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने त्याचं नव्याने मिक्सिंग केलं. त्याच वर्षी 'येस'ने आपल्या दौऱ्यात या अल्बमची पहिली आणि चौथी बाजू अख्खी वाजवली. लोक तिकीट काढून वीस-वीस मिनिटांचं गाणं ऐकायला आले. तिसरी बाजू चांगली की वाईट यावर चाहत्यांची आजही भांडणं होतात.

आणि हे सगळं फक्त तिकडेच आहे असं समजू नका. हाच स्टीव्हन विल्सन २०१६ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या एनएच-सेव्हन वीकेंडरमध्ये वाजवून गेला. त्याचा बँड पॉर्क्युपाइन ट्री २००९ मध्ये पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये आला होता. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडवाल्या रॉजर वॉटर्सने मुंबईत 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. तो अल्बम निघाला १९७३ मध्ये. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. म्हणजे चौदा वर्षांहून थोडं जास्तच! मुंबईत त्या रात्री तो ऐकणाऱ्या गर्दीत असे कितीतरी जण असणार, जे अल्बम निघाला तेव्हा जन्मलेही नव्हते.

मग हे टिकतं कसं?

मला सुचलेलं उत्तर सांगते. पटतंय का बघा.

स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. म्हणून आजची बरीच गाणी पहिल्या तीस सेकंदांतच सगळं देऊन टाकतात. हूक, बीट, सगळं. त्यात वाईट काही नाही, मीही दिवसभर तीच ऐकते. पण अशा गाण्यात ऐकणाऱ्याला करायला काहीच उरत नाही. सगळं काम गाण्यानेच केलेलं असतं. आणि ज्यात आपलं काही गेलेलं नसतं, ते सोडायलाही काही वाटत नाही. गेल्या वर्षी या महिन्यात कुठलं गाणं ट्रेंडिंग होतं, आठवतंय? मलाही नाही.

अवघड गाण्याचं उलटं असतं. तीस सेकंदांत गवयाचा षड्ज लागतो, फार तर. 'येस'च्या त्या पहिल्या बाजूत तीस सेकंदांत धड काही सुरूही झालेलं नसतं. पहिल्यांदा ऐकताना नुसता गोंधळ होतो. दुसऱ्यांदा एखादी जागा ओळखीची वाटते. तिसऱ्यांदा आपण त्या जागेची वाट बघायला लागतो. पाचव्यांदा कळतं, की सुरुवातीला आलेला तुकडाच शेवटी वेगळ्या वेशात परत आलाय. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं, तुम्ही ते शोधलेलं असतं. आणि स्वतः शोधलेली गोष्ट आपली होते. आबा त्या कॅसेटवर एवढा जीव टाकत होते, तो वसंतरावांच्या आवाजासाठी तर होताच. पण तीस-चाळीस वर्षं त्यांनी त्यात घातलेलं त्यांचं स्वतःचं ऐकणंही त्यात होतं. ते चिखलात गेलं नव्हतं. म्हणूनच ते त्यांना त्या संध्याकाळी गाता आलं.

दुसरी गोष्ट, अवघड गाणं माणसं जोडतं. सोपं गाणं आवडलं की आपण लाइक करतो आणि पुढे जातो. अवघड गाणं आवडलं की ते कुणाला तरी समजावून सांगावंसं वाटतं. "थांब, आता येईल बघ," असं म्हणत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कॅसेटवरून कॅसेट भरून देणारी आबांची पिढी आणि मला लिंक पाठवून रात्री एक वाजता "ऐकलंस का?" विचारणारा माझा मित्र, दोघांचा आजार एकच.

आणि आपल्या भागाला तर हे नवीन नाहीच. शिमग्यात रात्र-रात्र जागून नमन बघणारी माणसं आपल्याच गावातली आहेत. जाखडीत शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब पहाटेपर्यंत लक्ष देऊन ऐकणारी आपलीच. रत्नागिरीत 'खल्वायन'सारखी संस्था संगीत नाटकं करते. लांबलचक ऐकण्याची सवय आपल्या मातीत होती, फक्त आपण ती हेडफोन घालताना काढून ठेवलीय.

पण एक कबूल करायला हवं. अवघड आहे म्हणून ते भारीच, असं अजिबात नाही. 'येस'ची तिसरी बाजू मला आजही झेपलेली नाही. रिक वेकमनची करी मला तिथे फार जवळची वाटते. काही गाणी नुसतीच लांब असतात. आणि "तुला काय कळणार यातलं" म्हणणारे चाहते तर सगळ्यात वाईट. नवीन ऐकणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतात. आबांनी मला कधी असं म्हटलं नाही, म्हणून मी चार वर्षांनी का होईना, परत आले.

कानाचं मशीन

परत आले, तेव्हा जरा उशीर झाला होता.

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या वर्षी त्यांना कानाचं मशीन घेतलं. त्यांना आपलं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, पण गाणं नाही. म्हणजे येतं, पण पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं, असं ते म्हणतात. दुकानदाराला विचारलं तेव्हा कळलं, की ही मशीन्स मुळात बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. गाण्यातले चढ-उतार त्यांना झेपत नाहीत. काही मशीन्समध्ये गाण्यासाठी वेगळं सेटिंग असतं, ते करून बघितलं. आबा म्हणाले, "बरंय." त्यांचं 'बरंय' म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून मी ठरवलं, की आता आपण ऐकायचं. इंटर्नशिपसाठी मुंबईला जाताना 'कट्यार'ची पदं आणि 'येस'च्या चारही बाजू डाउनलोड करून घेतल्या. (कोकण रेल्वेत हे घरूनच करून निघा. खेडच्या पुढे नातूवाडीच्या बोगद्यात गाडी शिरली की रेंज आणि गाणं दोन्ही जातं.) येता-जाता ऐकलं. शनिवार-रविवारी घरी आले की आबांना रिपोर्ट द्यायचा. सुरुवातीला माझे रिपोर्ट म्हणजे "छान होतं" एवढेच. आबा चिडायचे. "छान काय? कुठे छान? अगो, ताना मोजायला नाही सांगत तुला. खाँसाहेब कुठे हरल्यासारखे वाटतात ते सांग."

मग मी परत ऐकायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांगितलं, की दोन चालींमधली एक ऐकताना माणूस हात जोडून उभा आहे असं वाटतं आणि दुसरी ऐकताना तोच माणूस छाती पुढे काढून. आबा काही बोलले नाहीत. नुसते हातावर ताल धरून बसले. थोड्या वेळाने खोकले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आला का तिथे?"

"आबा, मी ऐकतेय त्यात नाहीये तो खोकला. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आहे ते."

"मग चुकीचं ऐकत्येस!"

मागच्या आठवड्यात गाडीत तेच पद ऐकत होते. बाहेर पाऊस, खिडकी बंद, समोरचे काका वडापाव खाताहेत. ती जागा जवळ आली आणि माझ्या लक्षात आलं, की मी त्या खोकल्याची वाट बघतेय. तो आला नाही. मीच हळूच खोकले. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

तर मग, सुरुवात कशी करायची?

हे वाचून एखाद्याने तरी ऐकून बघावं म्हणून माझ्या अनुभवातून थोडं सांगते.

एक. पहिल्याच दिवशी सगळं ऐकायचा हट्ट करू नका. 'कट्यार'मधलं एकच पद दोन्ही चालींत ऐका. प्रोगमध्ये जायचं असेल तर थेट 'टोपोग्राफिक'वर उडी मारू नका, 'डार्क साइड ऑफ द मून'पासून सुरू करा. तो ४३ मिनिटांचा आहे, आपल्या एका लेक्चरपेक्षा थोडाच कमी.

दोन. ऐकताना फोन उलटा ठेवा. स्क्रीन दिसत असली की बोट पुढे ढकलायला जातंच.

तीन. आवडलं नाही तर दोन दिवस थांबा आणि परत ऐका. तीन वेळा ऐकूनही आवडलं नाही तर खुशाल सोडा. गाण्याची परीक्षा नसते, केटी लागत नाही.

चार. एकट्याने ऐका, पण एकट्याने ठेवू नका. कुणाला तरी सांगा. 'छान होतं' सोडून काहीतरी सांगा.

आणि पाच, सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, की त्यांना कुठलं गाणं पाठ आहे. पाठ म्हणजे अगदी खरखर आणि खोकल्यासकट. नाट्यगीत असेल, भजन असेल, नाहीतर काकांच्या कॉलेजच्या दिवसांतलं पिंक फ्लॉइड असेल. त्यांच्या शेजारी बसून ते एकदा पूर्ण ऐका. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. कॅसेट पुरात जाते, फोन बिघडतो आणि कानही थकतात. त्यांनी ऐकलेलं आपल्यापर्यंत यायचं असेल, तर आपण वेळेवर शेजारी जाऊन बसायला हवं.

आमच्याकडचा तो पत्र्याचा डबा अजून आहे. वाजत एकही कॅसेट नाही. येत्या रविवारी मी आबांना 'येस'ची दुसरी बाजू सांगणार आहे, स्मृतीवाली. ऐकू येणार नाही, म्हणून सांगणार आहे. वीस मिनिटांचं आहे म्हटल्यावर म्हणाले, "एवढंच?"